उरलेल्या चांदीचं चित्र

निगेटिव्ह ही मोठी दयाळू वस्तू आहे. फोटो काढताना उजेड दुप्पट-चौपट जास्त पडला तरी ती सांभाळून घेते. प्रिंट करणारा माणूस डार्करूममध्ये कागदावर कमी-जास्त प्रकाश टाकून आपल्या चुका झाकतो, आणि अल्बममध्ये फोटो लागला की कुणाला काही कळत नाही. स्लाइडचं तसं नाही. कॅमेऱ्यात जी फिल्म होती, तीच धुऊन, कापून, चौकटीत बसवून पडद्यावर येते. मध्ये कुणी नाही. जे झालं ते झालं.

रंगीत स्लाइड आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिल्या असतील. कृष्णधवल स्लाइड मात्र फार थोड्या लोकांनी पाहिली असेल. मी स्वतः पाहिली ती आमच्या बापूकाकांकडे, आणि तेव्हापासून हे प्रकरण डोक्यात घर करून बसलं आहे. कागदावरचा काळा रंग कितीही गडद म्हटला तरी थोडा उजेड परत फेकतोच. त्यामुळे चांगल्या प्रिंटमध्ये सर्वांत पांढरा भाग सर्वांत काळ्या भागाच्या साधारण शंभर-दीडशे पट उजळ असतो. स्लाइडमध्ये हेच प्रमाण हजाराच्या पुढे जातं. अंधाऱ्या खोलीत ती पडद्यावर पडली की पांढरा भाग अक्षरशः पेटतो आणि काळा भाग विहिरीसारखा खोल वाटतो. एकदा पाहिलं की प्रिंट जरा मचूळ लागते.

पण या श्रीमंतीची किंमत एक्स्पोजरमध्ये मोजावी लागते. ती कशी, हे समजायला आधी ही फिल्म धुतात कशी ते पाहू. कंटाळवाणं नाही, वाचा!

फिल्मवर चांदीच्या क्षारांचे कण असतात. जिथे उजेड लागतो, तिथले कण पहिल्या डेव्हलपरमध्ये काळ्या चांदीत बदलतात. इथपर्यंत सगळं नेहमीच्या निगेटिव्हसारखंच. पण निगेटिव्हमध्ये ही चांदी ठेवतात आणि उरलेले क्षार धुऊन टाकतात. स्लाइडमध्ये नेमकं उलट. डायक्रोमेट किंवा परमँगनेट आणि गंधकाम्ल यांच्या द्रावणात ही तयार झालेली चांदीच काढून टाकतात. मग मागे राहिलेल्या, उजेड न लागलेल्या क्षारांना मुद्दाम प्रकाश दाखवतात, पुन्हा डेव्हलपरमध्ये घालतात, आणि त्यांची चांदी होते. म्हणजे आपल्याला पडद्यावर दिसतं ते उजेडाने केलेलं चित्र नव्हेच. उजेडाने नेऊन झाल्यावर जी चांदी उरली, तिचं ते चित्र.

आता यातला धोका लक्षात येईल. उजेड जास्त पडला तर त्या जागची सगळी चांदी पहिल्याच फेरीत खर्ची पडते आणि निघून जाते. मागे काहीच उरत नाही, नुसती काचेसारखी पारदर्शक फिल्म. पडद्यावर तिथे पांढरं भोक दिसतं, आणि ते कुणालाही भरता येत नाही. उजेड कमी पडला तर उलट, चांदी जशीच्या तशी राहते आणि सगळं काळंकुट्ट होतं. म्हणून निगेटिव्हवाले सांगतात, "सावल्यांसाठी एक्स्पोजर दे, उजळ भाग नंतर बघू." आणि स्लाइडवाले सांगतात, "उजळ भाग आधी वाचव, सावल्यांचं काय व्हायचं ते होऊ दे." निगेटिव्ह दहा स्टॉपचा फरक पोटात घेते, स्लाइड पाच-सहा स्टॉपच्या पुढे हात टेकते. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. अर्ध्या स्टॉपची गफलतही पडद्यावर लगेच दिसते.

तर प्रश्न असा, की माणसांनी ही कटकट कशी निभावली? इतिहास पाहिला तर बराच काळ त्यांनी ती टाळलीच.

पडद्यावर चित्र दाखवण्याचा धंदा फोटोग्राफीपेक्षा जुना आहे. आपल्याकडे कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास सुरू केलेली 'शांबरिक खरोलिका' प्रसिद्धच आहे. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं आणि मागे दिवा. तिथे एक्स्पोजरचा प्रश्नच नव्हता, कुंचला हातात होता. फोटोच्या काचा त्याआधीच, १८५० मध्ये, अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या लँगेनहाइम बंधूंनी पेटंट घेऊन बाजारात आणल्या होत्या. पण त्या निगेटिव्हवरून दुसऱ्या काचेवर छापलेल्या असत. म्हणजे मध्ये दयाळू निगेटिव्ह होतीच. पुढची साठ-सत्तर वर्षं शाळा-कॉलेजांतून, व्याख्यानांतून, मिशनऱ्यांच्या सभांतून ज्या कृष्णधवल काचा दाखवल्या गेल्या, त्यांतल्या बहुतेक अशाच छापील.

कॅमेऱ्यात गेलेलीच काच पडद्यावर आणण्याचा उद्योग मोठ्या प्रमाणावर सुरू झाला तो एका रंगीत प्रक्रियेमुळे. ल्युमिएर बंधूंनी १९०७ मध्ये ऑटोक्रोम काचा विकायला काढल्या. काचेवर बटाट्याच्या स्टार्चचे नारिंगी, हिरव्या आणि जांभळ्या रंगात बुडवलेले कण, एका चौरस इंचात सुमारे ४० लाख, आणि त्यांच्यावर साधं कृष्णधवल इमल्शन. म्हणजे रंग स्टार्चचे, चित्र चांदीचं. आणि ते चित्र धुवायचं वर सांगितलं तसंच, उलटवून. रंगाचे कण खरवडून काढले तर हाती उरेल ती कृष्णधवल स्लाइडच!

ऑटोक्रोम अतिशय मंद होती. भर उन्हातही एक-दोन सेकंद काच उघडी ठेवावी लागे. पॅरिसचे धनाढ्य बँकर आल्बेर कान यांनी आपले फोटोग्राफर जगभर पाठवून १९०९ ते १९३१ या काळात ७२,००० ऑटोक्रोम जमवल्या. त्यांतले स्तेफान पासे १९१३ च्या अखेरीस मुंबईला आले होते. त्या संग्रहातली हिंदुस्थानातली चित्रं पाहताना एक गोष्ट खटकते. सगळं बाहेर आहे. रस्ते, घाट, देवळांची आवारं, उन्हात ताटकळत उभी असलेली माणसं. घराच्या आतलं जवळजवळ काही नाही. पासे यांना आतलं बघायचं नव्हतं असं नव्हे, त्यांच्या काचेला आतलं दिसत नव्हतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे त्याच्याशीच काम आहे.

मग १९२३ साल उजाडलं. कोडॅकने घरगुती चित्रीकरणासाठी १६ मिलिमीटरची फिल्म आणली. न पेटणारा बेस, छोटा कॅमेरा, आणि फिल्म उलटवून धुतलेली. निगेटिव्ह वेगळी, प्रिंट वेगळी, असा दुहेरी खर्च नको, हा त्यातला हिशेब. १०० फुटांच्या रिळात चार मिनिटांचा सिनेमा. ही धुण्याची पद्धत कोडॅकच्या प्रयोगशाळेत जॉन कॅपस्टाफ यांनी बसवली. पण गिऱ्हाईक कोण? सुट्टीवर गेलेले वकील, डॉक्टर, व्यापारी. त्यांना कुठलं एक्स्पोजर आणि कुठला अर्धा स्टॉप! हातात मीटर नाही, ऊन-सावली बघून अंदाजाने भिंग उघडायचं.

त्यावर काढलेली तोड मला फार आवडते. फिल्म उलटवताना दुसऱ्यांदा जो प्रकाश दाखवायचा, तो सरसकट सारखा न दाखवता मोजून दाखवायचा. गिऱ्हाइकाने उजेड कमी दिला असेल तर फिल्ममध्ये चांदीचे क्षार गरजेपेक्षा जास्त उरलेले असतात. अशा वेळी दुसरा प्रकाश थोडाच द्यायचा, म्हणजे त्यातला काही भागच काळा होईल आणि बाकीचा धुऊन जाईल. उजेड जास्त दिला असेल तर जे काय थोडं उरलं आहे ते सगळंच्या सगळं वापरायचं. गिऱ्हाईक खूश, आणि आपल्याला छान जमतं या भ्रमातही! पण यालाही मर्यादा होती. कमी उजेडाची भरपाई बऱ्यापैकी होई, जास्त उजेडाची होत नसे. मुळात नसलेली चांदी कुठल्याच प्रयोगशाळेला आणता आली नाही.

पुढे याच जातीच्या फिल्मने दूरचित्रवाणीच्या बातम्या सांभाळल्या. दुपारी घडलेली घटना रात्री दाखवायची तर निगेटिव्हवरून प्रिंट काढत बसायला वेळ कुठला? कॅमेऱ्यातली फिल्म धुवायची, कापायची, जोडायची आणि थेट लावायची. व्हिडिओ कॅमेरे हातात येईपर्यंत जगभरच्या केंद्रांवर हेच चाले. या बातमीदार कॅमेरामन लोकांच्या अंदाजाला मी मनोमन नमस्कार करतो. मोर्चातली धावपळ, समोर पांढऱ्या टोप्या, मागे झाडाची सावली, आणि हातात दुसरी संधी न देणारी फिल्म.

दरम्यान मीटर आले. १९३२ मध्ये वेस्टन कंपनीचा प्रकाशविद्युत मीटर बाजारात आला आणि अंदाजाला आकड्यांची जोड मिळाली. पण हा मीटर वस्तूवरून परतणारा उजेड मोजतो, आणि समोरचं सगळं राखाडी आहे असं गृहीत धरतो. पांढऱ्या भिंतीसमोर धरा, तो भिंत राखाडी करायला सांगेल. काळ्या म्हशीसमोर धरा, म्हैसही राखाडी! निगेटिव्हला हे चालून जातं. स्लाइडला नाही. डॉन नॉरवुड या अमेरिकन गृहस्थांनी त्यावर उपाय काढला. मीटरच्या डोळ्यावर पिंगपाँगच्या अर्ध्या चेंडूसारखी पांढरी घुमटी बसवायची आणि मीटर वस्तूजवळ नेऊन कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचा. म्हणजे वस्तू काळी की गोरी याच्याशी संबंध नाही, तिच्यावर पडणारा उजेड किती एवढंच मोजायचं. पांढरं पांढऱ्या जागी बसतं, काळं काळ्या जागी. स्लाइडसाठी याच्यासारखी युक्ती नाही.

आता बापूकाकांकडे येतो. (घरच्या मंडळींना हा भाग ठाऊक आहे, पण त्यातली तांत्रिक बाजू बहुधा ठाऊक नसावी.)

काका तेव्हा नोकरीनिमित्त जर्मनीत होते. आग्फा कंपनीने १९९० च्या दशकात 'स्काला २०० एक्स' नावाची कृष्णधवल स्लाइड फिल्म विकायला काढली होती. वेग आयएसओ २००, आणि धुण्याचं काम कंपनीने मान्यता दिलेल्या मोजक्याच प्रयोगशाळांत. १९९८ च्या मे महिन्यात काका गावी आले ते असा एक रोल घेऊन. छत्तीस फोटो. आमचं गुहागरकडचं घर वाटण्या होऊन पुढच्या वर्षी पाडायचं ठरलं होतं. आजी ऐंशीच्या पुढे गेलेली, पण हात थांबलेला नाही. खळ्यात पांढऱ्या पंचावर तांदळाच्या फेण्या घालत बसली होती.

पांढऱ्यावर पांढरं, तेही कोकणातल्या मे महिन्यातल्या अकराच्या उन्हात. स्लाइडची याहून कठीण परीक्षा काढायची म्हटली तरी सापडायची नाही. काकांनी घुमटीचा मीटर फेण्यांवर धरला. आयएसओ २०० ला तो म्हणाला, एफ १६ आणि सेकंदाचा अडीचशेवा भाग. पण पांढऱ्यातले बारकावे हवे असतील तर स्लाइडला अर्धा स्टॉप कमीच द्यावा असा काकांचा नियम होता. त्यांनी भिंग १६ आणि २२ च्या मध्ये ठेवलं. मग एक फोटो मीटरप्रमाणे, एक अर्धा स्टॉप कमी, एक पूर्ण स्टॉप कमी, असे तीन काढले. ते तिन्ही मी पडद्यावर पाहिले आहेत. पहिल्यात पंचा आणि फेण्या एक झाल्या आहेत, आजीच्या पुढ्यात नुसतं पांढरं तळं. तिसऱ्यात फेण्या सुरेख, पण आजीचा चेहरा काळवंडलेला. मधल्यात फेणीची एकेक कड मोजता येते, पंचाची वीण दिसते, आणि आजीच्या कपाळावरच्या सुरकुत्याही. अर्ध्या स्टॉपने केवढा फरक पडतो ते मला त्या संध्याकाळी कळलं.

पण त्या मधल्या स्लाइडमध्ये आजीच्या मागे ओटी आहे, ओटीमागे माजघराचं दार आहे, आणि दाराच्या आत काही नाही. नुसता काळोख.

आत्या बघता बघता म्हणाली, "अरे बापू, एवढं मोठं माजघर, तू नुसता काळोख आणलास!"

काका म्हणाले, "ताई, दोन्ही येत नाही गं यात. एक तर आई, नाहीतर माजघर."

"मग माजघर का नाही आणलंस? आई तर दुसऱ्या फोटोतही आहे."

यावर काका गप्प बसले. तांत्रिकदृष्ट्या ते शंभर टक्के बरोबर होते. बाहेरचं ऊन आणि आतला अंधार यांत सहज दहा-अकरा स्टॉपचा फरक, म्हणजे हजारपटीहून जास्त. स्लाइडच्या पोटात पाच-सहा. माजघर आणायचं तर आजी, फेण्या, खळं सगळं पांढऱ्या भोकात गेलं असतं. पण आत्याही चूक नव्हती. ती त्या माजघरात जन्मली. आजीचं पाऊण आयुष्य तिथे आणि त्याच्या मागच्या स्वयंपाकघरात गेलं. ऊन होतं ते ओटीवर, आणि ओटीवर बसायची पुरुषमंडळी. घरातल्या बायका अंधारात वावरल्या, आणि अंधार फिल्मच्या पोटात मावत नव्हता.

काही वर्षांनी आमच्या एका भावाने ती स्लाइड स्कॅन केली आणि संगणकावर माजघराचा भाग उजळून पाहिला. ठिपके आले, बाकी काही नाही. तिथे लपलेलं असं काही नव्हतंच. उजेड पोचलाच नव्हता, चांदीचे कण होते तसेच राहिले होते.

मला वाटतं, पासेच्या काचा, घरगुती सिनेमे आणि काकांची स्लाइड हे सगळं एकाच गोष्टीचे नमुने आहेत. आपण जुनं चित्र बघतो आणि म्हणतो, "तेव्हा असं होतं." खरं तर तेव्हा जेवढ्या जागेवर ऊन होतं तेवढं असं होतं. निगेटिव्ह ही निवड लपवते, थोडं इथलं थोडं तिथलं सांभाळून देते. स्लाइड ती उघड करते. काय वाचवायचं आणि काय सोडायचं, हे बटण दाबण्याआधी ठरवा, असं ती स्पष्ट सांगते. 'चांगलं एक्स्पोजर' म्हणजे सगळं दिसणारं एक्स्पोजर नव्हे. आपण काय सोडतोय हे माहीत असून दिलेलं एक्स्पोजर.

म्हणून ज्यांना आजही हे करून बघायचं असेल त्यांच्यासाठी चार गोष्टी. आग्फाफोटो २००५ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि जुनी स्काला संपली. पण आडॉक्स या जर्मन कंपनीने स्काला हे नाव पुढे पुन्हा वापरात आणलं, आणि चित्रीकरणासाठी कोडॅकची ट्राय-एक्स रिव्हर्सल अजून आहे. धुणं घरी करणार असाल तर सांभाळून. डायक्रोमेटने कर्करोग होऊ शकतो, म्हणून बरेच जण परमँगनेट वापरतात, पण त्याने इमल्शन नाजूक होतं, बोट लागलं तरी सुटतं. फोटो काढताना पडणारा उजेड मोजा. तसा मीटर नसेल तर आपला तळहात त्याच उन्हात धरून मोजा आणि साधारण एक स्टॉप जास्त द्या. सर्वांत पांढऱ्या, पण पोत दिसायलाच हवा अशा वस्तूवर लक्ष ठेवा. अर्ध्या-अर्ध्या स्टॉपने तीन फोटो काढा. फिल्म महाग आहे, पण गेलेला क्षण आणखी महाग.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, अंधाराचा फोटो वेगळा काढा. उंबरठ्याच्या आत जा, कॅमेरा ट्रायपॉडवर नाहीतर सरळ पाटावर ठेवा, पाव सेकंद, अर्धा सेकंद, लागेल तेवढा वेळ द्या, आणि दारातलं ऊन खुशाल जळू द्या. आता मोबाइल एका दमात अनेक फोटो काढून ते आपोआप एकत्र करतो, त्यामुळे आत-बाहेर दोन्ही दिसतं. सोय उत्तमच आहे. तरी मोबाइलही उंबरठ्याच्या बाहेर उभा राहूनच फोटो काढत असेल, तर माजघर राहून जाणारच.

आजी २००३ मध्ये गेली. त्यानंतर एकदा काकांनी तीच स्लाइड पुन्हा लावली, तेव्हा आत्या उठून पडद्याजवळ गेली आणि काळ्या भागावर बोट ठेवून सांगू लागली. "इथे भांड्यांची मांडणी. इथे पाळण्याची कडी, आम्ही पाचही जण याच कडीखाली वाढलो. हा कोपरा बाळंतिणीचा. आणि इथून वर माळ्यावर जायची शिडी, तिची तिसरी पायरी हलायची." तिच्या हाताची सावली पडद्यावर पडत होती. मी वही आणली आणि ती सांगेल तसं लिहून घेतलं.